कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेताय? तुलनात्मक तक्त्यात एक रकाना वाढवा

मार्च उजाडला की कॉलेजच्या ऑफिसात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं, "३१ तारखेच्या आत खर्च दाखवला नाही तर पैसे परत जातील." दुसरं, "तीन कोटेशनं मागवा." दोन दिवसांत तीन दरपत्रकं येतात. (तिन्ही एकाच दुकानदाराने तीन लेटरहेडवर टाईप करून आणलेली असतात कधीकधी, पण तो आजचा विषय नाही.) हेडक्लार्क तुलनात्मक तक्ता करतात: अनुक्रमांक, पुरवठादार, तपशील, दर, जीएसटी, एकूण. सगळ्यात लहान आकड्यासमोर खरेदी समितीच्या सह्या होतात. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, ठरला. साठ कॉम्प्युटर आले, नारळ फुटला, फोटो निघाला.

मी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. नारळ फुटल्यानंतरची सहा-सात वर्षं माझ्या वाट्याला येतात, म्हणून सांगतो. तक्त्यातला तो 'एकूण' आकडा फक्त डिलिव्हरीच्या दिवसापुरता खरा असतो. पुढचं वीजबिल, गेलेले एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), वॉरंटी संपल्यावरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), फुगलेल्या बॅटऱ्या आणि शेवटी मागच्या खोलीत रचलेला ढीग, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. आणि पर्यावरणाचा म्हणून जो काही हिशेब आहे, तोही नेमका याच न छापलेल्या रकान्यात पडतो. तो रकाना कसा भरायचा, ते बघू.

खोक्यात येण्याआधीच

आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर प्रदूषण करतो म्हणजे वीज खातो. ते खरं आहे, पण अर्धंच. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००४ साली एक हिशेब मांडला होता. त्या काळचा एक डेस्कटॉप आणि १७ इंची जाडजूड मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड हजार किलो पाणी लागतं, असं त्यात निघालं. म्हणजे टेबलावर मावणाऱ्या वस्तूमागे एका मोटारीच्या वजनाइतका माल खर्ची पडतो. आजची यंत्रं हलकी झाली आहेत, मॉनिटर सपाट झाले आहेत, पण चिप आणखी गुंतागुंतीची झाली आहे. सिलिकॉन अतिशुद्ध करायचं, धुळीचा कण चालणार नाही अशा खोल्या दिवसरात्र चालू ठेवायच्या, शेकडो टप्प्यांत रसायनांनी धुवायचं, हे सगळं ऊर्जा पिणारं काम आहे.

मोठ्या कंपन्या आता बहुतेक मॉडेलांचा कर्बवायूचा हिशेब स्वतःच प्रसिद्ध करतात. साध्या लॅपटॉपचा आकडा साधारण २०० ते ३५० किलोच्या घरात असतो, आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग लॅपटॉप पहिल्यांदा चालू करण्याआधीच उधळून झालेला असतो.

यातून पहिली गोष्ट अशी निघते की यंत्र किती वर्षं चाललं, याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. ३०० किलोचं कर्ज घेऊन आलेलं यंत्र चार वर्षांत टाकलं तर वर्षाला ७५ किलो पडले. आठ वर्षं चालवलं तर साडेसदतीस. यासाठी कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो फक्त स्क्रूड्रायव्हर आणि ब्लोअर.

म्हणून खरेदीच्या बैठकीत पहिला प्रश्न 'कोणते घ्यायचे' हा यायच्या आधी 'आहेत त्यांचं काय झालं' हा यायला हवा. बरेचदा काहीच झालेलं नसतं. गेल्या वर्षीचंच बघा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा आधार (कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट) संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ला घेतलेला, अजून ठणठणीत असलेला आय-फाइव्ह एका रात्रीत 'बाद' झाला. यंत्राला काही झालं नाही, कागदावर मेलं. अनेक ठिकाणी सबंध लॅब बदलायचे प्रस्ताव याच एका कारणाने निघाले.

यावर दोन उतारे आहेत, आणि दोन्ही फारसे कुणाला माहीत नसतात. एक म्हणजे मायक्रोसॉफ्टने शिक्षणसंस्थांसाठी सुरक्षा अपडेट फार स्वस्तात देऊ केले आहेत: यंत्रामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. साठ यंत्रांचा पहिल्या वर्षाचा खर्च नव्या एका यंत्राच्याही निम्म्याहून खूप कमी. दुसरा उतारा लिनक्सचा. सी, पायथन, डेटाबेस, नेटवर्किंग हे सगळं प्रॅक्टिकल लिनक्सवर आरामात होतं. शिकवायचं कसं हा प्रश्न असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत, फुकट आहेत. अडतं कुठे? टॅली आणि फोटोशॉपपाशी. मग त्या पंधरा यंत्रांपुरतं नवं घ्या. साठच्या साठ कशाला?

त्या जुन्या यंत्रात हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केली की विद्यार्थी विचारतात, "सर, नवीन आलेत का?" हा अनुभव मी तीनदा घेतला आहे. पाच मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होतं. प्रोसेसरवरची वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावायची, पंख्यातली धूळ काढायची, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी बदलायची. तारीख दर वेळी मागे जाते म्हणून 'मदरबोर्ड गेला' असं लिहून दिलेली यंत्रं मी या एका बटण-बॅटरीवर परत आणली आहेत.

युरोपातला सल्ला इथे अर्धाच लागू

आता दुसरी बाजू. इंटरनेटवर या विषयावर जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतलं. तिथे सांगतात की विजेचा वाटा किरकोळ आहे, यंत्र जितकं ताणता येईल तितकं ताणा. स्वीडन किंवा फ्रान्समध्ये वीज पाण्यावर नाहीतर अणुऊर्जेवर होते, तिथे ते बरोबरच आहे. आपल्याकडे बटण दाबलं की त्यामागे बहुतांशी कोळसा जळतो. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू सुटतो. त्यामुळे इथे वीजही तक्त्यात धरावीच लागते.

हिशेब करून बघू. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणा. आमच्याकडचं जुनं टॉवर कॅबिनेट आणि मॉनिटर मिळून काम चालू असताना ७५ वॅटच्या आसपास घेतं. पुस्तकाएवढा मिनी पीसी आणि एलईडी मॉनिटर ३५ वॅटच्या आसपास. फरक ४० वॅटचा. रोज ८ तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर १,७६० तास, म्हणजे यंत्रामागे वर्षाला ७० युनिट. साठ यंत्रांचे ४,२०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ४२ हजार, सहा वर्षांत अडीच लाखांच्या वर. शिवाय ते ४० वॅट शेवटी उष्णताच होतात, आणि लॅबमधला एसी ती उष्णता बाहेर टाकायला वेगळी वीज घेतो. ती यात धरलेली नाही.

कर्बवायूत मोजलं तर यंत्रामागे वर्षाला ४९ किलो, सहा वर्षांत तीनशेच्या जवळ. म्हणजे एक नवं यंत्र बनवण्याइतकंच! तेव्हा जुनं सगळंच जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. दिवसभर चालणाऱ्या लॅबमधला २००९चा भट्टीसारखा तापणारा टॉवर बदलला तर बरंच आहे. तोच टॉवर लायब्ररीत पुस्तक शोधायला दिवसातून तास-दीड तास चालत असेल, तर तिथे तो खुशाल राहू दे. किती तास चालणार, हे कळल्याशिवाय 'जुनं बरं की नवं' याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

यात एक गोष्ट खरेदीशिवायच होते. संध्याकाळी लॅबला कुलूप लावताना शिपाई दिवे-पंखे बंद करतो, पण कॉम्प्युटर? 'अपडेट चालू होतं म्हणून ठेवला' या नावाखाली निम्मे रात्रभर जागे असतात. सर्व्हरवरून संध्याकाळी सातला सगळे बंद करायची सोय अर्ध्या तासात होते. मी ती केली तेव्हा पहिल्या आठवड्यात दोन प्राध्यापकांची बोलणी खाल्ली, कारण त्यांचं काही सेव्ह करायचं राहिलं होतं. आता सात वाजायला दहा मिनिटं असताना पडद्यावर सूचना येते.

झाकण उघडून बघा

यंत्र आठ वर्षं टिकेल की चार, हे दुकानातच ठरतं. ते ओळखायची पद्धत सोपी आहे: नमुन्याचं एक यंत्र मागवा आणि पुरवठादारासमोर उघडा. पुरवठादार जरा बिचकतो, बिचकू द्या.

साध्या स्क्रूने झाकण निघतं का? बघा. रॅम खाचेत बसवलेली आहे की मदरबोर्डवर डागलेली? डागलेली असेल तर आज ८ जीबी म्हणजे मरेपर्यंत ८ जीबी. दुसरी खाच रिकामी आहे का? एसएसडी निघते का? लॅपटॉप असेल तर बॅटरी चार स्क्रूवर आहे की डिंकाने चिकटवलेली? लॅपटॉपची बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकतेच, आणि ती बदलता आली नाही तर बाकी धडधाकट यंत्र तिच्याबरोबर सती जातं. चार्जरची पिन कंपनीची खास आहे की सर्वांची टाईप-सी? एसएमपीएस नेहमीच्या मापाचा आहे, की त्या मॉडेलपुरता वेगळ्या आकाराचा?

आमच्याच कॉलेजात एकदा वीस ऑल-इन-वन घेतले गेले. मॉनिटरमध्येच सगळं, टेबलावर वायरींचा गुंता नाही, पाहुण्यांना दाखवायला झकास. वॉरंटी संपली आणि पुढच्या उन्हाळ्यात एकेकाचा पडदा जाऊ लागला. साध्या डेस्कटॉपचा मॉनिटर गेला तर शेजारचा लावून तास चालू राहतो. इथे पडदा गेला म्हणजे सगळंच गेलं. दुरुस्तीचं कोटेशन नव्या यंत्राच्या निम्म्याच्या घरात आलं, आणि पडदा मिळायला सहा आठवडे. आता त्यातले सात मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. आतला प्रोसेसर, रॅम, सगळं शाबूत.

याउलट, ज्याला आपण नाक मुरडतो तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा आपल्या गावच्या दुकानातून जुळवून आणलेला असेम्बल्ड डेस्कटॉप! त्याच्यावर एकही हिरवा शिक्का नसतो, पण त्याचा प्रत्येक भाग कुठेही मिळतो आणि कुणालाही बदलता येतो. वीज जरा जास्त खातो, हा दोष आहे. एसएमपीएस चांगला, ८० प्लस प्रमाणपत्राचा घेतला तर तोही बराचसा जातो. मी तरी असेम्बल्डला यादीतून आधीच काढून टाकणार नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉप, मोबाईल यांसारख्या वस्तूंवर 'दुरुस्त करायला किती सोपं' याचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते. गुणांची पाटी अजून खोक्यावर आलेली नाही. तोवर स्क्रूड्रायव्हर आहेच. आणि एक युक्ती: तेच मॉडेल फ्रान्समध्ये विकलं जात असेल तर त्याचे तिथले गुण कंपनीच्या फ्रेंच साइटवर बघता येतात.

शिक्क्यांची भाऊगर्दी

पत्रकावर हिरवी पानं, पृथ्वीचे गोळे आणि बाण काढलेले असतात. त्यातलं काय खरं मानायचं?

बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर क्रमांक हा सुरक्षेचा. शॉक लागणार नाही, आग लागणार नाही, एवढंच तो सांगतो, पर्यावरणाशी त्याचा संबंध नाही. एनर्जी स्टार ही अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची १९९२पासूनची खूण, फक्त विजेपुरती. आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे फ्रिज-एसीवर बघायची आपल्याला सवय आहे, लॅपटॉपसाठीही ब्युरोची ऐच्छिक लेबल योजना आहे, पण दुकानात ते लेबल क्वचितच दिसतं.

सगळं मिळून बघणारे दोन शिक्के आहेत. पहिला ईपीट. २००६ला अमेरिकेत सुरू झाला. विषारी द्रव्यं, वीज, दुरुस्ती, वेष्टन, परत घेण्याची सोय अशा बऱ्याच निकषांवर तपासतो. यात काही निकष सक्तीचे, काही ऐच्छिक. सक्तीचे पाळले की ब्राँझ, ऐच्छिकांपैकी निम्मे जमले की सिल्व्हर, तीन चतुर्थांश जमले की गोल्ड, अशी त्याची मूळ रचना. यात मेख अशी की नोंदणी देशागणिक असते. अमेरिकेत गोल्ड असलेलं मॉडेल भारतात नोंदलेलंच नसेल, असं होतं. ईपीटची यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे, देश निवडून मॉडेल क्रमांक टाकला की दोन मिनिटांत कळतं. पुरवठादाराने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

दुसरा टीसीओ सर्टिफाइड, स्वीडनचा. तिथल्या नोकरदारांच्या संघटनेतून तो आला, म्हणून सुरुवात १९९२ला मॉनिटरपासून झाली. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या आरोग्याची काळजी त्यामागे होती. पुढे त्यात पर्यावरण आणि कारखान्यातल्या कामगारांची स्थितीही आली. मला हा शिक्का जास्त आवडतो, कारण कामगार हा भाग बाकीचे बहुतेक जण सोडूनच देतात. कॉम्प्युटरमधलं टँटलम, कथील, टंगस्टन, सोनं कुठल्या खाणीतून आणि कुणाच्या हातून येतं, हा प्रश्न आपल्या निविदेत कधी लिहिलेला मी तरी पाहिलेला नाही.

'आरओएचएस पाळलेलं आहे' असं पत्रकात ठळक छापलं असेल तर हुरळून जाऊ नका. शिसं, पारा, कॅडमियम वगैरेंवरची ती मर्यादा आपल्या ई-कचरा नियमांतच आहे. कायदा पाळला म्हणून बक्षीस मागण्यातला प्रकार आहे तो.

निविदेत लिहायचं काय

आता खरी अडचण. "साहेब, सगळं पटतं, पण एल-वन सोडून दुसरा घेतला तर ऑडिटमध्ये पॅरा लागेल." पॅरा म्हणजे ऑडिटरचा लेखी आक्षेप. ही भीती खोटी नाही. पण दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत पहिला लिफाफा तांत्रिक असतो. त्यात जो बसला नाही त्याचा दराचा लिफाफा उघडलाच जात नाही. त्यामुळे पर्यावरणाच्या अटी 'प्राधान्य दिले जाईल' अशा गुळमुळीत भाषेत तळटीपेत टाकून उपयोग नाही, त्या तांत्रिक अटींतच हव्यात. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी असेल तर तिथेही खरेदीदाराला आपल्या अटी जोडता येतात. ब्रँडचं नाव घ्यायचं नाही, आणि शिक्क्याचं नाव घेतलं की 'किंवा समकक्ष' हे दोन शब्द विसरायचे नाहीत. नाहीतर तक्रार येते आणि सगळंच परत मार्चवर जातं.

माझ्या मते एकच अट लिहायची झाली तर ती पाच वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीची लिहा. गुणवत्तेबद्दल पानभर लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करतं. पाच वर्षं स्वतःच्या खर्चाने माणूस पाठवायचा म्हटलं की पुरवठादार तकलादू मॉडेल पुढे करतच नाही. त्याला जोडून सुटे भाग सात वर्षं मिळतील याची लेखी हमी, रॅमची एक रिकामी खाच, साध्या अवजारांनी उघडणारं कॅबिनेट, भारतासाठी नोंदलेलं ईपीट किंवा समकक्ष, आणि नवे आणताना तितकेच जुने प्रमाणपत्रासह परत नेण्याची अट. एकेका यंत्राचं वेगळं खोकं न करता चार-सहा एकत्र पॅक करून आणायला सांगितलं तर थर्माकोलचा डोंगरही उभा राहत नाही.

पाच वर्षांची वॉरंटी महाग पडते, असा आक्षेप लगेच येतो. पडतेच. समजा एक यंत्र ३६ हजारांचं, तीन वर्षांच्या वॉरंटीचं, रडतखडत पाच वर्षं चाललं. दुसरं ४२ हजारांचं, पाच वर्षांच्या वॉरंटीचं, आठ वर्षं चाललं. पहिलं वर्षाला ७,२०० रुपयांना पडलं, दुसरं ५,२५० ना. वर सांगितलेला विजेचा फरक आणखी वेगळा. तक्त्यात 'एकूण' च्या शेजारी 'दर वर्षी' असा एक रकाना आखला, की खरेदी समितीतल्या अर्थशास्त्राच्या मॅडम पुढचं सगळं स्वतःच बोलतात. ऑडिटरलाही आकडा दिसला की हरकत नसते, फक्त तो आकडा निर्णयाआधीच्या तारखेचा हवा.

प्रिंटर आणि यूपीएसबद्दल थोडक्यातच. स्वस्त प्रिंटर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. यंत्र चार हजारांचं, आणि दर दोन महिन्यांनी नवी काडतुसं. शाई भरता येणारा टाकीचा किंवा दोन्ही बाजू आपोआप छापणारा लेझर घ्या, आणि दहा विभागांना दहा देण्यापेक्षा मजल्याला एक द्या (यावर भांडणं होतील). यूपीएसमध्ये शिशाच्या बॅटऱ्या असतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत घेणं बनवणाऱ्यावर बंधनकारक आहे, तेव्हा नव्या घेताना जुन्या नोंद करूनच परत द्या.

मागच्या खोलीचं काय

प्रत्येक कॉलेजात ती एक खोली असते. कुलूप गंजलेलं, किल्ली निवृत्त झालेल्या शिपायाकडे. आत जाडे सीआरटी मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पिवळे पडलेले कीबोर्ड. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, निर्लेखन (रजिस्टरमधून रीतसर कमी करणं) झालेलं नाही, म्हणून टाकता येत नाही. मग कधीतरी कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट ठरते, त्यात ई-कचऱ्याचा प्रश्न असतो, आणि घाईघाईने भंगारवाल्याला बोलावणं जातं.

हे करू नका. भंगारवाला वजनावर घेतो आणि ते पुढे कुठल्यातरी शेडमध्ये जातं. तिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, सोन्यासाठी मदरबोर्ड आम्लात बुडवतात. टनभर सर्किट बोर्डात खाणीतल्या टनभर दगडापेक्षा कितीतरी पट जास्त सोनं असतं, म्हणून तर हा धंदा चालतो. राहिलेलं आम्ल नाल्यात. एका सीआरटीच्या काचेत एक-दोन किलो शिसं असतं, ती काच फोडून फेकली जाते. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद होऊन रीतसर पुनर्वापराला गेला तो फक्त २२.३ टक्के. बाकीच्यात आपल्या मागच्या खोल्याही आल्या.

आणि हा कायद्याचाही प्रश्न आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत 'मोठा ग्राहक' म्हणजे वर्षात कधीही यादीतली किमान १,००० उपकरणं वापरणारी संस्था. हजार ऐकून प्राचार्य म्हणतात, "आपण कुठले, आपले तर अडीचशे कॉम्प्युटर." यादीत फक्त कॉम्प्युटर नाहीत. प्रिंटर, फोन, टीव्ही, एसी, फ्रिज, पाऱ्याच्या ट्यूबा, प्रयोगशाळेतली बरीच उपकरणंही त्यात येतात. वर्गावर्गांतल्या ट्यूबा मोजायला घेतल्या की दुसऱ्या मजल्यावरच हजार पुरे होतात. मोठ्या ग्राहकाने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्वापर करणारा यांनाच द्यायचा असतो. भंगाराचा जाहीर लिलाव यात बसत नाही. समोरच्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासून घ्या, आणि माल गेल्यावर वजनासह प्रमाणपत्र मागा.

चालू स्थितीतली यंत्रं जवळच्या शाळेला द्यावीत, हा विचार चांगलाच. पण मग एसएसडी टाकून, लिनक्स घालून, चालवून दाखवून द्या. भाकड गाय दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून दानाचं पुण्य घेण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. त्या शाळेच्या रजिस्टरलाही ती चढते आणि त्यांच्याही मागच्या खोलीत जाते.

देण्याआधी डिस्क पुसा. झटपट फॉरमॅट म्हणजे पुसणं नाही, फुकटच्या सॉफ्टवेअरने त्यातलं बरंच परत निघू शकतं. परीक्षा विभागाच्या यंत्रात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, जातीचे दाखले असतात. फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करायचं, एसएसडीला तिच्या कंपनीची सुरक्षित पुसण्याची आज्ञा द्यायची, आणि बंद पडलेल्या डिस्कला ड्रिलने तीन भोकं.

आमच्या खोलीतून मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ४१ मॉनिटर आणि कॅबिनेटं गेली. निर्लेखन समितीच्या सह्यांना अकरा महिने लागले, गाडी भरायला पावणेदोन तास. मिळालेला चेक भंगारवाल्याच्या दरापेक्षा कमी होता, त्यावर अकाउंटंटने लेखी खुलासा मागितला, तो मी दिला, प्रमाणपत्राची प्रत जोडून. खोली रिकामी झाल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी जिमखान्याने तिथे कॅरमचे बोर्ड आणून ठेवले.